बाकीचे करत नाहीत, मग मीच का?

संपादक महोदय,

पंचायत असो की पालिका, कचऱ्यावरच्या कुठल्याही कार्यक्रमात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘लोकांची मानसिकता बदलली पाहिजे.’ मग शपथ होते, टोप्या वाटल्या जातात, जनजागृतीचा फलक लागतो आणि चार दिवसांत त्याच फलकाखाली पिशव्या येऊन पडतात. त्यावरून लोकांना पर्यावरणाची पर्वाच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याच्या आधारावर उभे केलेले उपाय त्यामुळेच फसतात. माणसे अशी का वागतात यावर गेल्या पंचवीस वर्षांत जगात बरेच प्रयोग झाले आहेत. त्यांतले गोव्याला लागू पडणारे तेवढे निर्णय घेणाऱ्यांपुढे यावे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

2024 साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. 125 देशांतल्या सुमारे 1 लाख 30 हजार लोकांना विचारले होते की, हवामान बदल रोखण्यासाठी महिन्याच्या उत्पन्नातला 1 टक्का द्याल का? 69 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. आपल्या सरकारने याबाबत अधिक काही करावे, असे 89 टक्क्यांचे मत होते. मग त्याच लोकांना विचारले, तुमच्या देशातले किती जण असा 1 टक्का देतील? सरासरी उत्तर आले 43 टक्के. म्हणजे तयारी असलेले लोक पुष्कळ आहेत, पण आपल्यासारखे फार थोडे आहेत असे त्यांतल्या प्रत्येकाला वाटते. अमेरिकेत 2022 साली झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. तिथे हवामानविषयक धोरणांना प्रत्यक्षात 66 ते 80 टक्के लोकांचा पाठिंबा होता, लोकांचा अंदाज मात्र 37 ते 43 टक्क्यांचा होता.

गोव्याबद्दल तर उदासीनतेचा आरोप मुळीच टिकत नाही. मोलेच्या जंगलातून जाणारे रेल्वेचे दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्गाचे रुंदीकरण यांच्या विरोधात 2020 च्या नोव्हेंबरात हजारो माणसे चांदरला रात्रभर रुळांजवळ बसून होती. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. तळमळ असलेली माणसे इथे आहेत. प्रश्न आहे तो हीच माणसे सोमवारी सकाळी कचऱ्याची पिशवी हातात घेऊन उभी राहतात तेव्हा काय होते, याचा.

माणूस सहसा धड स्वार्थीही नसतो आणि धड परोपकारीही नसतो. झुरिचमध्ये झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामायिक निधीत किती पैसे घालायचे हे सहभागींना ठरवायचे होते. साधारण निम्मे जण ‘बाकीचे घालतील त्या मानाने मी घालीन’ असे वागले. जवळपास एक तृतीयांश लोकांनी काहीच घातले नाही. कुठल्याही योजनेचे यश या मधल्या निम्म्यांवर अवलंबून असते, आणि ते आपले मन भाषणावरून ठरवत नाहीत, डोळ्यांना काय दिसते त्यावरून ठरवतात.

आता कचऱ्याची गाडी येते तेव्हा त्यांना काय दिसते? 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी सक्तीची केली. घरातली बाई दोन डबे वेगळे ठेवते आणि गाडीवरचा माणूस तिच्यासमोर दोन्ही एकाच टपात ओततो. पुढे कुठेतरी वेगळे करत असतीलही, पण तिने पाहिले ते एवढेच. पुढच्या आठवड्यापासून तिच्याकडेही एकच पिशवी असते, आणि ‘सगळे शेवटी एकाच गाडीत जाते’ हे वाक्य वाड्यावर पसरायला महिना लागत नाही. हे नुकसान दहा शिबिरांनी भरून निघत नाही. यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. ओल्याचे आणि सुक्याचे वार वेगळे ठेवावेत. एकाच फेरीत दोन्ही घ्यायचे असतील तर गाडीला मधोमध पत्र्याची आडभिंत आणि दोन वेगवेगळ्या रंगांची झाकणे असावीत. मिसळलेली पिशवी असेल तर ती न घेता तिथेच ठेवून एक चिठ्ठी लावावी, आणि चिठ्ठीवर ‘नियमभंग’ एवढेच न लिहिता नेमके काय चुकले ते लिहावे : ‘ओल्यात दुधाची पिशवी होती.’ ती पिशवी दुसऱ्या दिवशी मात्र आठवणीने न्यायची, नाहीतर ती रात्री ओहोळात जाते.

दुधाच्या पिशवीचा उल्लेख मुद्दाम केला. सुका कचरा आठवडाभर घरात ठेवा, असे सांगणाऱ्याने जून-जुलैतली आपली हवा विचारात घेतलेली नसते. न धुतलेली पिशवी दोन दिवसांत आंबते, पुठ्ठा ओलावा धरतो आणि ओला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. वासाला कंटाळून माणूस सगळे गाठोडे स्कूटरवरून नेऊन वळणावर टाकतो. त्यात वृत्तीचा दोष कमी आणि वेळापत्रकाचा दोष जास्त आहे. पिशवी एका बाजूने कापून विसळावी, उलटी करून निथळू द्यावी आणि सुक्याचे पोते जमिनीवर न ठेवता खिळ्याला टांगावे, हे पत्रकात चित्रासह छापता येते. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुका कचरा आठवड्यातून दोनदा उचलणे हे काम पंचायतीचेच आहे. साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज तयार होते. अशा प्रकल्पात प्लॅस्टिक गेले तर ते पंपात आणि ढवळणीत गुंडाळले जाते, काच आणि वाळू टाकीच्या तळाशी साचून टाकीची क्षमता खाते. घरातल्या वर्गीकरणाशी याचा थेट संबंध आहे, पण तो लोकांना कधी सांगितला जात नाही.

फलकांवरचा मजकूर हाही गांभीर्याने घ्यायचा विषय आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये लाकडाचे दगडात रूपांतर झालेले एक जुने जंगल आहे. पर्यटक तिथले तुकडे खिशात घालून नेत. संशोधकांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘आजवर अनेकांनी तुकडे नेले आणि त्यामुळे जंगलाचे रूप बदलले’ अशी पाटी होती तिथे जवळपास 8 टक्के तुकडे गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढेच सांगितले तिथे 2 टक्क्यांहून कमी गेले. पहिली पाटी वाचून माणसाच्या मनात राहते ते एवढेच की सगळेच नेतात. आपल्याकडची निम्मी जनजागृती या पहिल्या पाटीसारखी आहे. ‘किनाऱ्यावर दररोज शेकडो बाटल्या फेकल्या जातात, गोवा वाचवा’ असा फलक कळंगुटला लावणे म्हणजे इथे फेकायची पद्धत आहे, हे नव्या पर्यटकाला शिकवणे. वृत्तपत्रांनीही हे लक्षात घ्यावे, ही नम्र विनंती. कचऱ्याच्या ढिगाचा फोटो छापायलाच हवा, तो पंचायतीला जाब विचारण्यासाठी असतो. पण त्याखाली ‘गोमंतकीयांची बेफिकिरी’ असे लिहिले की बेफिकिरी हीच सर्वसाधारण रीत ठरते.

याचा अर्थ खोटे आकडे छापावेत असा नाही. वाड्यावरच्या शंभरातल्या तीसच घरांत वर्गीकरण होत असेल तर ‘बहुतेक घरे करतात’ असे लिहू नये, लोकांना ते लगेच कळते. अशा वेळी वाढीचा आकडा सांगावा : गेल्या चतुर्थीला इतकी घरे होती, आता इतकी झाली. अमेरिकेत एका उपाहारगृहाच्या रांगेत हा प्रयोग झाला आहे. ‘तीस टक्के लोक मांस कमी खातात’ असे वाचून 17 टक्क्यांनी बिनमांसाचे जेवण मागवले. ‘तीस टक्के लोकांनी अलीकडे मांस कमी करायला सुरुवात केली’ असे वाचणाऱ्यांत ते प्रमाण 34 टक्के झाले. हॉटेलातल्या टॉवेलांचे उदाहरण जरा जपून घ्यावे लागेल. ‘या खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला’ हे कार्ड अमेरिकेत नेहमीच्या कार्डापेक्षा सरस ठरले होते, जर्मनीत तसा फरक आढळला नाही. म्हणून परदेशातली युक्ती उचलून सरळ राज्यभर लावू नये. आधी इथे तपासावी.

विजेच्या बिलात तर मोठी जागा रिकामी पडली आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात घराघरांना कळवले गेले की तुमचा वापर किती आणि शेजाऱ्यांचा सरासरी किती. जास्त वापरणारे खाली आले, पण कमी वापरणारे वर गेले, कारण आपण उगाच काटकसर करतो असे त्यांना वाटले. त्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढताच ही वाढ थांबली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या धर्तीवर पुढे अमेरिकेत सुमारे 6 लाख घरांना अशी पत्रे गेली आणि सरासरी 2 टक्के वीज वाचली. 2 टक्के हा फार मोठा आकडा नाही, आणि यानेच सगळे साधेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण छपाईच्या खर्चात राज्यभराची 2 टक्के वीज मिळत असेल तर ती का सोडायची? फक्त तुलना योग्य घरांशी हवी. एअर कंडिशनर असलेल्या फ्लॅटची तुलना कौलारू घराशी केली तर दोन्हीकडे हसे होते.

याहून मोठे काम काही न सांगता होते. 1 जानेवारी 2020 पासून देशात विकला जाणारा खोलीचा प्रत्येक एअर कंडिशनर सुरू करताच 24 अंशांवर येतो. हवे तर तापमान कमी करता येते, पण अनेक जण तसदी घेत नाहीत. एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता हे साधते. सवय बदलण्याची योग्य वेळही अशीच हेरावी लागते. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात घर बदलून तीन महिने झाले नव्हते अशा कुटुंबांवर सूचनांचा परिणाम अधिक झाला, कारण जुन्या सवयी तुटलेल्या असतात आणि नव्या बसायच्या असतात. पर्वरी, ताळगाव, फातोर्डा इथे दर महिन्याला नवे बिऱ्हाडकरू येतात. वीजजोडणी नावावर करताना किंवा भाडेकरूची नोंद करताना वार, वेळ आणि डब्यांची माहिती असलेले एक पान हातात द्यावे. वर्षभराने दिलेल्या पत्रकाचा तेवढा उपयोग नाही.

दंडाबद्दल दोन शब्द. इस्रायलमध्ये हैफा इथल्या काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. दंड काढून टाकला तरी ते पूर्ववत झाले नाहीत. पूर्वी शिक्षिकेला थांबवून ठेवल्याची लाज वाटत होती, दंडाने त्या उशिराची किंमत ठरवून टाकली. म्हणून दंड नकोच असे नाही. तो ज्याला परवडतो त्याला शुल्कासारखा वाटू नये आणि पकडले जाण्याची शक्यता खरी असावी. पाच हजारांचा न होणारा दंड पाचशेच्या हमखास होणाऱ्या दंडापेक्षा कमकुवत असतो.

आता अनामत परतावा योजनेकडे येतो. राज्य सरकारने ती 2024 मध्ये अधिसूचित केली. वस्तूच्या किमतीवर छोटी अनामत द्यायची आणि रिकामे वेष्टन परत करून त्यावरचा कोड मशीनवर स्कॅन झाला की ती परत घ्यायची, अशी ही रीत आहे. मानसशास्त्राच्या दृष्टीने ती फार चांगली आहे. मिळणाऱ्या दहा रुपयांपेक्षा हातचे जाणारे दहा रुपये माणसाला जास्त लागतात. शिवाय ज्याने फेकले त्याला नको असतील, तरी उचलणाऱ्याला ते मिळतात. पण ही योजना बारीकसारीक गोष्टींत फसते.

जर्मनीने 2003 साली 25 सेंटची सक्तीची अनामत लावली तेव्हा काही दुकानदारांनी फक्त आपल्याच खास आकाराच्या बाटल्या परत घ्यायचा मार्ग काढला. ग्राहक बाटल्या घेऊन दारोदार फिरत. 2006 मध्ये त्या प्रकारची वेष्टने विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने ती कुठूनही घेतलेली असोत, परत घ्यावीत असा नियम झाला तेव्हा व्यवहार सुरळीत झाला. तामिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून दारूच्या बाटलीवर 10 रुपये अनामत घेतली जाते. तिथली दुकाने सरकारी आहेत, त्यामुळे एक आदेश पुरला. तरीही रिकाम्या बाटल्या ठेवायला जागा नाही आणि मोजायला माणूस नाही, ही तक्रार कर्मचाऱ्यांनी केलीच. गोव्यात परवाने खासगी आहेत आणि अनेक दुकाने दहा बाय दहाची आहेत. तिथल्या मालकाला प्रत्येक बाटलीमागे हाताळणीचे पैसे आणि ठरलेल्या वारी उचल मिळाली नाही, तर तो ‘मशीन बंद आहे’ म्हणून ग्राहकाला परत पाठवील. असे दोनदा झाले की तो ग्राहक तिसऱ्यांदा येणार नाही.

वेष्टनावरच्या कोडचेही तसेच आहे. किनाऱ्यावरच्या शॅकवर, म्हणजे तात्पुरत्या खानावळीत, बिअरच्या बाटल्या बर्फाच्या टबात असतात. तासाभरात कागदी लेबल सुटून पाण्यात तरंगते आणि त्याबरोबर कोडही जातो. कोड पाण्याने न सुटणाऱ्या स्टिकरवर, बाटलीच्या अंगावर हवा. बुचावर नको, कारण बूच आधी वाळूत पडते. चिप्सच्या पाकिटाचा कोड फाडायच्या कडेला नको. एकदा स्कॅन झालेला कोड बाद व्हावा आणि तो गोव्यात विकलेल्या मालावरच असावा, नाहीतर सीमेपलीकडच्या बाटल्या पोत्यांनी येतील. फुटलेल्या बाटलीला परतावा नसावा. किनाऱ्यावर बाटल्या फोडण्यावर त्याहून प्रभावी उपाय मला दिसत नाही. पैसे तिथल्या तिथे मिळावेत, फोनवर आणि रोखही. कचरा वेचणाऱ्या बाईकडे स्मार्टफोन असेलच असे नाही आणि ही योजना खरी तिच्या जोरावर चालणार आहे. पर्यटक शेवटच्या दिवशी घाईत असतो, म्हणून दाबोळी आणि मोपाचे विमानतळ, मडगाव आणि थिवीचे स्थानक, पत्रादेवी, मोले आणि पोळेचे नाके इथे परताव्याची खिडकी हवी.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि धोरणाला लोकांचा पाठिंबा मिळणे न मिळणे बहुतेकदा इथेच ठरते. हा बोजा न्याय्य आहे का, त्याने काम होते का आणि पैसे कुठे जातात, हे तीन प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतात. फ्रान्समध्ये इंधनावरच्या वाढत्या करामुळे 2018 च्या नोव्हेंबरात रस्त्यावर उद्रेक झाला. शहराबाहेर राहणाऱ्याला गाडीवाचून पर्याय नव्हता आणि पैसे आपल्याकडे परत येतील यावर त्याचा विश्वास नव्हता. कॅनडात कार्बन शुल्काचे पैसे कुटुंबांना परत दिले जात होते, तरी अनेकांना ते आपल्या खात्यात जमा होतात हेच ठाऊक नव्हते. 2025 च्या एप्रिलमध्ये ग्राहकांवरचे हे शुल्क काढून टाकावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये परतावा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वळता होतो, तोही कोणाच्या लक्षात येत नाही. याउलट आयर्लंडने 2002 मध्ये प्लॅस्टिक पिशवीवर 15 सेंट लावले आणि ते पैसे वेगळ्या पर्यावरण निधीत टाकले. माणशी वर्षाला 328 पिशव्या लागायच्या त्या 21 वर आल्या. पुढे वापर पुन्हा हळूहळू चढू लागला तेव्हा 2007 मध्ये शुल्क 22 सेंट केले. एकदा शुल्क लावले म्हणजे काम झाले असे होत नाही, हेही त्यातून कळते.

गोव्यात 2013 सालचा हरित उपकराचा कायदा आहे. त्या पैशातून आपल्या तालुक्यात काय झाले, हे किती वाचकांना सांगता येईल? खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीत, पैसा कुठे जातो ते दिसावे हे सूत्र आपल्या पूर्वजांनी पाळले होते. मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारावरच्या, मासेमारीचा लिलाव व्हायचा, त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची आणि बांध बळकट आहे की नाही हे प्रत्येकाला आपल्या शेतातल्या भातावरून कळायचे. पुढे काही ठिकाणी मासळीच्या लोभाने मानशीची दारे नको तेव्हा उघडी राहू लागली आणि खारे पाणी शेतात शिरले. पैसा तोच होता, पण त्याचा बांधाशी असलेला संबंध तुटला होता. हवामान बदलाच्या नावाने उद्या कोणताही नवा उपकर येणार असेल तर तो जमा कुठे झाला आणि खर्च कुठे झाला याचे एक पान दर तिमाहीला ग्रामसभेत वाचले जावे.

नवी गोष्ट आधी मर्यादित काळ करून दाखवली तर विरोध निवळतो. स्टॉकहोममध्ये शहरात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावायला आधी बहुसंख्य लोकांचा विरोध होता. 2006 च्या जानेवारी ते जुलै अशी चाचणी घेतली, तीही काही महिने आधीच जादा बसगाड्या सुरू करून. रहदारी सुमारे 20 टक्क्यांनी घटली. सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि काही वर्षांत पाठिंबा 70 टक्क्यांच्या घरात गेला. लोकांना भीती होती गैरसोयीची, आणि ती आपण समजलो तेवढी नाही हे अनुभवल्यावरच कळले.

आपल्याकडेही अनामत योजना राज्यभर पसरवण्यापूर्वी एक किनारी आणि एक अंतर्भागातली पंचायत निवडून सहा महिने चालवून पाहावी. शेजारच्या तशाच दोन पंचायती तुलनेसाठी धराव्यात. ‘तुम्ही बाटली परत करता का?’ असे विचारून काही हाती लागत नाही, सगळे ‘हो’ म्हणतात. विकल्या गेलेल्या आणि परत आलेल्या वेष्टनांची मोजणी व्हावी, ठरलेल्या शंभर मीटरच्या पट्ट्यांतला कचरा दर आठवड्याला त्याच दिवशी उचलून वजन करावे आणि ओल्या कचऱ्यातली भेसळ टक्क्यांत काढावी. आकडे वाईट आले तरी फलकावर लावावेत. आणि सुरुवात चतुर्थीच्या किंवा डिसेंबरच्या तोंडावर करू नये. त्या दिवसांत घरे पाहुण्यांनी भरलेली असतात, कचरा वेगळाच असतो आणि आधीची-नंतरची तुलना बिघडते. फेब्रुवारीत मोजणी सुरू करून मार्चपासून अनामत घेतली तर पावसाळ्याची खरी परीक्षाही त्याच सहा महिन्यांत होऊन जाईल.

– पर्यावरणीय वर्तनाचा एक अभ्यासक, फोंडा